कचरा जैसे थे

माणसाला नापास व्हायचंच असेल तर त्यानं गणितात व्हावं. गणितात नापास झालेल्याकडे लोक मायेनं बघतात. निम्म्यांना तर तो जवळचा नातेवाईक वाटू लागतो. इंग्रजीत नापास झालेल्याला स्वाभिमानी म्हणून खपवता येतं. पण पर्यावरण या विषयात अडकलेल्या माणसानं तोंड कुठं लपवावं, हे कोणत्याही ग्रंथात सांगितलेलं नाही. या विषयात कुणी अडकू शकतं, अशी शंकाच ग्रंथकारांच्या मनाला शिवली नव्हती.

नियमकाका अडकले होते.

नियमकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एका मोठ्या कचेरीच्या अभिलेख विभागात, म्हणजे जिथं जुने कागद शेवटचे दिवस काढायला येतात त्या विभागात, ते मुख्य कारकून होते. आणि नियमात बसत नसेल तर ते स्वतःही बसत नसत, उभे राहत. ते राहत त्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये ‘चार व्यक्ती’ अशी पाटी होती. आत तीन माणसं आणि एक तान्हं मूल असलं, की नियमकाका जिन्यानं जात. मूल ही व्यक्ती आहे, असं त्यांचं मत होतं. मुलाच्या आईलाही ते पटायचं, पण जिना चढून आल्यावर काकांचा श्वास लागलेला बघून तिलाच अपराध्यासारखं व्हायचं.

अशा माणसानं डोक्यावरचे केस मागं हटू लागल्यावर बाहेरून पदवीचा अभ्यास केला, संध्याकाळी पेंगत पेंगत पेपर दिले आणि ते सगळे चांगल्या वर्गात काढले. निकालपत्र आलं. त्यावर लिहिलं होतं : निकाल राखून ठेवला आहे. कारण पर्यावरण. या विषयाला गुण नव्हते. नुसतं उत्तीर्ण व्हायचं होतं. ज्याला गुण नाहीत त्याला हजर राहणं नियमात कसं बसेल, असा विचार करून काका त्या पेपरला गेलेच नव्हते. विचारात तशी चूक नव्हती. पण देवानं माणसाला विचार दिला तो चुकांना सोबत म्हणून, असं कधी कधी वाटतं.

एरवी काकांनी हा निकाल फाइलला लावून टाकला असता. पण त्यांच्या विभागाचे अधीक्षक तीन-चार महिन्यांनी निवृत्त होत होते, आणि त्या जागेसाठी पदवी लागत होती. शिवाय त्या जागेवर खुर्ची होती. तुम्ही म्हणाल, जागा म्हटली की खुर्ची असणारच. पण ही खिडकीजवळची, हात असलेली खुर्ची होती. मुख्य कारकुनाच्या खुर्चीला हात नसतात. नोकरीला लागल्यापासून काकांची कोपरं हवेवर विश्रांती घेत आली होती. लोकांना मोक्ष हवा असतो, बंगला हवा असतो. काकांना निवृत्तीपूर्वी काही वर्षं कोपरं टेकायची होती. मागणं एवढंच.

त्या खुर्चीकडे आणखी एकजण डोळे लावून होता. त्याला कचेरीत लगेचराव म्हणत. काकांहून बराच लहान, हसतमुख, साहेबांनी ‘अरे’ म्हणायच्या आत ‘लगेच’ म्हणणारा. काम तो करायचाच असं नाही, पण लगेच म्हणायचा. त्याच्याकडे पदवी होती म्हणे. प्रमाणपत्र तेवढं आस्थापना शाखेत द्यायचं राहिलं होतं. ते तो गेली कित्येक वर्षं लगेच आणून देणार होता.

काका महाविद्यालयात गेले. पर्यावरणाच्या प्राध्यापिका वयानं त्यांच्या भाचीएवढ्या होत्या. त्यांनी काकांना बसायला खुर्ची दिली (हिलाही हात नव्हते) आणि सगळं ऐकून घेतलं. पेपरची वेळ निघून गेली आहे, पण प्रकल्प दिलात तर चालेल, असं त्या म्हणाल्या.

“काका, मनाला लावून घेऊ नका. तुमच्या इमारतीचा कचरा रोज किती निघतो आणि त्याचं पुढं काय होतं, एवढं बघायचं. दहा पानं लिहा. झालं.”

आणि त्यांनी एक पाठ्यपुस्तक दिलं. हा झाला पूर्वरंग. इथपर्यंत सगळं सरळ होतं. पुढं जे घडलं त्यात प्राध्यापिकाबाईंचा काडीचा दोष नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

काकांनी पुस्तक पहिल्या पानापासून, म्हणजे मुद्रकाच्या पत्त्यापासून, वाचायला घेतलं. कचऱ्याचं प्रकरण सगळ्यात शेवटी होतं. तेवढंच वाचा, असं काकूंनी सुचवून पाहिलं. पण मधलं सोडून शेवटचं वाचणं म्हणजे टिपणी न वाचता सही करणं. पहिलं प्रकरण नैसर्गिक संसाधनांचं होतं : पाणी, वनं, खनिजं, ऊर्जा. त्यातलं पाणी वाचल्या दिवशी काकू तोंडाला साबण लावून डोळे मिटून उभ्या असताना काकांनी वाहता नळ बंद केला.

“अहो, पाणी,” काकू म्हणाल्या.

“मर्यादित संसाधन आहे ते.”

“आणि मी?” काकूंनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

याचं उत्तर त्या प्रकरणात नव्हतं. काकांनी नळ सोडला.

आता तुमच्या माझ्यासारखा माणूस काय करेल? इमारतीच्या मागच्या अंगणात जाईल, विटांच्या बुटक्या भिंतींमधे सगळ्यांचा कचरा पडतो तिथं नाक दाबून वाकेल, बघेल आणि घरी येऊन हात धुवेल. पण काका नुसते वाकणाऱ्यांपैकी नव्हते. हा कचरा कुणाचा? टाकेपर्यंत रहिवाशांचा, टाकल्यानंतर प्रभाग कार्यालयाचा. मग दुसऱ्याच्या मालमत्तेत परवानगीवाचून डोकावायचं कसं? काकांनी प्रभाग कार्यालयाला अर्ज केला.

अर्ज लिहावा तर काकांनीच. मोत्यासारखं अक्षर, डावीकडं समास, ‘महोदय’ नंतर स्वल्पविराम. ‘सदर इमारतीतील कचऱ्याचा अभ्यास करण्यास परवानगी मिळावी’, एवढ्यावर तो संपायला हवा होता. पण वर्षानुवर्षं कचेरीत मसुदे लिहून हाताला एक वळण पडलं होतं. मन ‘आपला विश्वासू’ म्हणत असताना हातानं आणखी एक वाक्य लिहून टाकलं : ‘तसेच सदर अभ्यास पूर्ण होऊन त्याचा अहवाल सादर होईपर्यंत सदर कचऱ्याच्या स्थितीत कोणत्याही प्रकारे बदल न करता तो जैसे थे ठेवण्यात यावा, ही विनंती.’ कुठल्याही अर्जाला हे शेपूट जोडलं की तो भारदस्त दिसतो, असा काकांचा अनुभव होता.

प्रभाग कार्यालयात एकच गोंधळ उडाला. कचऱ्याबद्दल तिथं आजवर तक्रारी आल्या होत्या, मोर्चे आले होते, एकदा तर कचराच आला होता. पण कचरा बघायची परवानगी कुणी मागितली नव्हती. हा माणूस वरून आलेला असावा आणि चौकशी सुरू झाली असावी, असं तिथल्या शहाण्या माणसांनी ओळखलं. चौकशीत सगळ्यात सुरक्षित गोष्ट म्हणजे कशालाही हात न लावणं. काकांचंच वाक्य जसंच्या तसं उचलून त्यांनी आदेश काढला, गोल शिक्का मारला आणि पाठवून दिला.

आदेश हाती पडला तेव्हा काकांना भरून आलं. इतक्या तत्परतेनं उत्तर त्यांना त्यांच्या स्वतःच्या कचेरीतूनही कधी मिळालं नव्हतं. त्यांनी त्याची प्रत काढली आणि चारही कोपऱ्यांना डिंक लावून ती स्वतःच्या हातानं कचऱ्याच्या कोपऱ्यावरच्या भिंतीला चिकटवली. सुरकुती पडू नये म्हणून वरून रुमालही फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याची गाडी आली. गाडीवाला उतरला, त्यानं आदेश वाचला, शिक्का पाहिला आणि टोपी सरळ केली. काका खिडकीतून म्हणाले, की अहो न्या की. गाडीवाला अदबीनं म्हणाला, “साहेब, तुमचा अभ्यास चाललाय. आम्ही कशाला मधे मधे करायचं?” आणि निघून गेला. त्यानंतर गाडी यायची, फाटकापाशी क्षणभर थांबायची, जणू मान झुकवायची आणि पुढं जायची.

कचरा मात्र थांबणाऱ्यातला नव्हता. इमारत जेवत होती, चहा पीत होती, भाज्या सोलत होती. कागद, बाटल्या आणि डबे तेवढे भंगारवाला नेत राहिला. आदेशाच्या खाली ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून ज्यांची नावं होती त्यांत तो नव्हता, त्यामुळं त्याला माहिती नव्हती. बाकीचा ओला कचरा विटांच्या भिंतींवर चढला. त्याला वास होता. त्याहून कडक वास रहिवाशांच्या बोलण्याला येऊ लागला.

काका प्रभाग कार्यालयात अर्ज मागं घ्यायला गेले. खिडकीतल्या कारकुनानं त्यांचं नाव वाचलं आणि तो उभाच राहिला. अर्ज मागं घेता येतो, पण आदेश मागं घेता येत नाही, असं त्यानं हळहळत सांगितलं. आदेश उठायला एकतर अभ्यासाचा अहवाल हवा, नाहीतर आरोग्य निरीक्षकांनी जागेवर येऊन पाहणी करायला हवी. निरीक्षक लांबलचक रजेवर होते. अहवाल लिहायचा, तर त्यात कचऱ्याचं पुढं काय झालं ते लिहायला हवं. आणि आदेश असेतो पुढं काही होणार नव्हतं. काकांनी खिडकीचा कठडा धरला.

“पण ही अट घातली कुणी?”

“तुम्हीच की, काका,” कारकून प्रेमानं म्हणाला. “काय वाक्य आहे हो. साहेबांना इतकं आवडलं, आता आम्ही सगळ्याच आदेशांत घालतो.”

स्तुतीनं माणूस सुखावतो म्हणतात. काका घरी येईपर्यंत एकाही ओळखीच्या माणसाकडे त्यांनी मान वर करून पाहिलं नाही.

इमारतीची बैठक ढिगापासून शक्य तेवढ्या लांब, म्हणजे गच्चीवर, झाली. सगळ्यांनी काकांना धारेवर धरलं आणि मग, माणसाचा स्वभाव आहे, सल्ले द्यायला सुरुवात केली. तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या ताई, ज्यांची खिडकी थेट ढिगावर उघडत होती, म्हणाल्या, की झाकून टाका. झाकलेली मूठ सव्वा लाखाची. निवृत्त व्यायाममास्तर दुसऱ्या मजल्यावर राहत. जगातल्या निम्म्या तक्रारी हालचाल नसल्यानं होतात असं त्यांचं मत, आणि उरलेल्या निम्म्या कमी हालचालीनं. ढीग खालीवर करा, त्याला मोकळं होऊ द्या, असं ते म्हणाले. इमारतीच्या अध्यक्षांनी दोघांनाही खोडून काढलं. खालीवर केलात तर कोरडी धूळ उडून घरोघर जाईल. वरून पाणी शिंपडा. तिघांचं असं कडाक्याचं भांडण जुंपलं, की मूळ आरोपी काका आहेत हे लोक विसरले. काकांनी शेवटी जाहीर केलं, की आदेशाप्रमाणं स्थितीत बदल करता येणार नाही, सबब तिन्ही सूचना फेटाळण्यात येत आहेत. मग सगळे पुन्हा त्यांच्याकडे वळले.

तिघांपैकी कुणी ऐकणाऱ्यातलं नव्हतं. ताई रोज दुपारी अंगणातल्या झाडाखालचा पालापाचोळा सुपानं भरून ढिगावर पसरायच्या, वर दोन मुठी माती टाकायच्या आणि खिडकी उघडून शिवायला बसायच्या. संध्याकाळी मास्तर दंडबैठका काढून झाल्या की इकडंतिकडं बघत फावड्यानं सगळं खालीवर करायचे. आपण सल्ला दिला असताना दुसऱ्याच्या सल्ल्याचा थर वर दिसणं त्यांना सहन होत नसे. सकाळी अध्यक्ष कुंड्यांना पाणी घालायच्या निमित्तानं झारी घेऊन उतरायचे आणि मास्तरांनी मोकळं केलेलं नीट भिजवून टाकायचे. तिघंही एकमेकांवर मात केल्याच्या समाधानात झोपायचे. काका सगळं पाहत होते. पण पाहिलं असं मान्य केलं तर कारवाई करावी लागेल, म्हणून खाली बघून निघून जात होते. आणि काकू? त्यांनी सल्ला दिला नाही. त्या भोपळा चिरायच्या आणि बिया, देठ, साली घेऊन जाऊन निमूटपणे ढिगावर टाकून यायच्या.

अजब गोष्ट अशी, की काही आठवड्यांनी वास यायचा थांबला. कुणाच्या ते चटकन लक्षात आलं नाही. दुःख जातं तेव्हा सांगून जात नाही. ढीगही भिंतींच्या खाली उतरला. काका तेव्हा खनिजांपर्यंत पोचले होते.

कचेरीत मात्र वास अजून होता. तो काकांच्या कीर्तीचा. कचरा पाळणारे काका म्हणून लोक त्यांना दाखवत. ते जवळून गेले की लगेचराव रुमाल काढायचा आणि काळजीनं विचारायचा, की काका, लगेच अत्तर आणू का. निवृत्तीची महिनाअखेर जवळ आली. अधीक्षकांच्या निरोपाच्या हाराचं ठरलं. त्याच दिवशी दोन्ही उमेदवारांनी पदवीचं मूळ कागदपत्र घेऊन यावं, ज्याच्याकडं असेल त्याचा विचार होईल, असं साहेबांनी सांगितलं. प्राध्यापिकाबाईंचाही निरोप आला, की काका, प्रकल्प या आठवड्यात द्या, म्हणजे मला तुमचा निकाल मोकळा करता येईल. काकांच्या दहा पानांपैकी पहिल्या पानावर शीर्षक लिहून झालं होतं.

आणि मग आरोग्य निरीक्षक आले. स्कूटर उभी केली, हेल्मेट काढलं, आदेश वाचला, आणि भिंतीकडून नजर खाली आणली.

खाली काळी, भुसभुशीत माती होती. मास्तरांचं फावडं पोचत नव्हतं त्या कडेच्या बुटक्या भिंतीवरून भोपळ्याचा एक वेल ऐटीत बाहेर पडला होता. त्याला पिवळी फुलं होती, आणि एका फुलात मधमाशी काम करत होती.

“कचरा कुठं आहे?” निरीक्षकांनी विचारलं.

सगळी इमारत अंगणात जमली होती. ताईंनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी अध्यक्षांकडे आणि अध्यक्षांनी झारी पाठीमागं नेली. निरीक्षकांनी एक काडी घेऊन माती उकरली. आत एक गांडूळ होतं. निरीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं. कार्यालयाच्या ताब्यातला, जैसे थे ठेवलेला, शिक्क्याखालचा कचरा जागेवर नाही. त्या जागी विनापरवाना वेल उभा आहे. गहाळ मालाबद्दल लेखी खुलासा लागेल, असं ते म्हणाले, आणि काकांचा चेहरा पाहून त्यांना दया आली. माणूस वाईट नव्हता. त्यांनी काकांना बाजूला घेतलं.

“काका, कशाला डोकं शिणवता? ‘गाडीनं कचरा नेला’ एवढं लिहा आणि सही करा. मी आत्ता आदेश उठवतो. तुम्हीही सुटलात, मीही सुटलो.”

त्यांनी कागद पुढं केला आणि वर स्वतःचं पेनही दिलं.

काकांना त्या कागदात सगळं दिसत होतं : उठलेला आदेश, दिलेला प्रकल्प, मोकळा झालेला निकाल, खिडकी, आणि खुर्चीचे ते दोन हात. एक ओळ लिहायची. कुणाचं नुकसान नव्हतं. गाडीवाल्यानंही हो म्हटलं असतं. काकू जिन्यापाशी उभ्या होत्या. काकांनी पेनाचं टोपण काढलं. मग परत लावलं.

“गाडीनं नेला नाही,” ते म्हणाले. “खुलासा करतो.”

“अहो, पण लिहिणार काय त्यात?”

“ते अजून वाचायचंय.”

निरीक्षकांनी हेल्मेट घातलं. अशी माणसं भेटली की ते आतून काही पुटपुटत, पण हेल्मेटमुळं ऐकू येत नसे.

त्या संध्याकाळी काकांनी आयुष्यात प्रथमच मधली पानं ओलांडली. ऊर्जा, परिसंस्था, हवेचं प्रदूषण, पाण्याचं प्रदूषण, सगळं तसंच ठेवून ते एकदम शेवटच्या प्रकरणावर गेले. पान उलटताना त्यांनी दाराकडं एकदा बघून घेतलं. तिथं लिहिलं होतं, की ओल्या कचऱ्यावर वाळलेल्या पानांचा थर द्यावा. तो अधूनमधून खालीवर करावा, म्हणजे हवा खेळते. ओलावा टिकेल इतपत पाणी शिंपडावं. म्हणजे त्याचं खत होतं.

काकांनी चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा वाचलं. तिघं शेजारी एकमेकांचा कार्यभाग बुडवायला निघाले होते, आणि तिघांनी मिळून अख्खं प्रकरण पार पाडलं होतं.

ते उठून अंगणात गेले. मूठभर माती घेतली. ती कोमट होती. सगळ्याची शेवटी माती होते, हे त्यांनी प्रवचनांत कितीतरी वेळा ऐकलं होतं, आणि प्रत्येक वेळी कुणाच्या तरी अंत्यदर्शनाला गेल्यासारखी मान हलवली होती. ही आनंदाची बातमी आहे हे त्यांना आज प्रथम समजलं. सोललेलं, उष्टं, नासलेलं, कुणालाही नको असलेलं, त्याची इतकी चांगली माती होते. मग माणसाचंही फारसं वाईट होत नसणार. एरवी मूठभर माती उचलायला त्यांनी परवानगी काढली असती. आज त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.

मग त्यांनी खुलासा लिहायला घेतला. खुलाशाला पार्श्वभूमी लागते, म्हणून कचरा कुठून येतो ते लिहिलं. साक्षीदार लागतात, म्हणून ताई, मास्तर आणि अध्यक्ष यांचे जबाब घेतले. तिघांनीही आधी, मी नाही त्यातला, असं सांगितलं. आणि बाकीच्या दोघांनी आपलं श्रेय लाटलं आहे हे कळताच, सगळं मीच केलं, असं लिहून दिलं. पुढं पालापाचोळा, हवा, पाणी, गांडूळ असं क्रमानं येत गेलं. शेवटी काकांच्या हातानं सवयीनं एक वाक्य लिहिलं : ‘सबब, सदर कचरा गहाळ झालेला नसून तो आपल्या मूळ कार्यालयात, म्हणजे जमिनीत, रुजू झालेला आहे.’ हे वाक्य काकांनी दोनदा वाचलं. मग खाली, कोणत्याही पत्राखाली लिहितात तसं, ‘प्रत माहितीसाठी सविनय सादर’ असं लिहून प्रत प्राध्यापिकाबाईंना पाठवली. प्रकल्प झाला नाही, याचा काकांच्या लेखी तो पुरावा होता.

पानं दहाच भरली होती.

प्रभाग कार्यालयानं खुलासा मान्य करून आदेश उठवला. भोपळ्याच्या वेलासाठी मात्र स्वतंत्र अर्ज करावा, असं कळवलं. प्राध्यापिकाबाईंनी त्या दहा पानांवर ‘उत्तीर्ण’ लिहिलं आणि शेजारी एवढंच, की गेल्या कित्येक वर्षांत प्रत्यक्ष कचरा पाहून लिहिलेला हा पहिला प्रकल्प. काकांनी दोन्ही पत्रं घेतली. वेलाच्या पत्राला ते उत्तर लिहायला बसले, ‘महोदय’ असं लिहिलं, स्वल्पविराम दिला, खिडकीतून फुलांकडे बघितलं, आणि कागद उलटा करून ठेवला.

महिनाअखेर हार घालून झाला. साहेबांनी कागदपत्रं मागितली. काकांनी नवं निकालपत्र ठेवलं. लगेचराव ‘लगेच आणतो’ म्हणून बाहेर गेला, आणि त्या दिवशी परत आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. खुर्ची काकांना मिळाली. तिचा डावा हात निखळलेला होता आणि तो सुतळीनं बांधला होता. लांबून, हवेवर कोपरं टेकून बघताना हे कधी दिसलं नव्हतं. काकांनी सुतळी घट्ट केली आणि उजवं कोपर टेकलं. तेवढंही पुष्कळ होतं.

त्या रविवारी सकाळी दाराची घंटा वाजली. दारात लगेचराव. हसतमुख चेहऱ्यावरचं हसू जरा बाजूला सरकलेलं. काकूंनी पाणी दिलं, ते त्यानं एका दमात संपवलं. नळाचं पाणी मर्यादित असतं, हे काकांनी त्याला सांगितलं नाही.

“काका,” तो खाली बघत म्हणाला, “माझाही निकाल राखून ठेवलाय. पहिल्यापासूनच. तो पेपर मी... त्याला गुण नसतात ना.”

काकांच्या मनात आलं : या माणसाशी आपलं इतक्या वर्षांत एकदाही मत जुळलं नव्हतं. आणि जुळलं होतं ते नेमकं इथं.

“त्या बाई म्हणाल्या, प्रकल्प द्या. म्हणाल्या, तुमच्या काकांना विचारा. तुमच्या इमारतीचा कचरा बघितला तर चालेल का? रीतसर करू. तुम्ही सांगाल तसा अर्ज लिहितो. मसुदा तेवढा तुम्ही द्या.”

त्यानं खिशातून कोरा कागद काढला. स्वयंपाकघरात काकूंचं चिरणं थांबलं. काका मसुदा सांगू लागले की मधे बोलायचं नसतं, हे लग्नाच्या इतक्या वर्षांनी त्यांना ठाऊक होतं.

काकांनी तो कागद हातात घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि त्याच्या खिशात परत घातला. मग कोपऱ्यातली ओल्या कचऱ्याची बादली उचलून त्याच्या हातात दिली.

“अर्जबिर्ज करू नका,” ते म्हणाले. “खाली चला, वाका आणि बघा.”

लगेचराव सवयीनं ‘लगेच’ म्हणाला आणि, आयुष्यात प्रथमच, खरोखर लगेच निघाला. काका पायात चपला सरकवू लागले. काकूंनी आतून येऊन त्याला दारात थांबवलं, भोपळ्याच्या बिया बादलीत टाकल्या आणि नवऱ्याकडे नीट निरखून पाहिलं.

“बरं वाटतंय ना तुम्हाला?” त्यांनी विचारलं.